लाल सिलिकॉन, निळं सिलिकॉन : कवटीच्या तळाच्या प्रकल्प नोंदी

५ जानेवारी

विच्छेदनाच्या परवानगीचा कागद आज हातात पडला. देहदानातून आलेलं एक डोकं, तीन वाटा: मिडल फॉसातून (कानाच्या वरून, कवटीच्या तळाच्या मधल्या खोलगट भागातून) मायक्रोस्कोपखाली, नाकातून एंडोस्कोपने, आणि मागून मानेच्या स्नायूंमधून. तिन्ही वाटांनी त्याच रक्तवाहिन्यांपर्यंत पोचायचं आणि हाडावरची कोणती खूण कुठल्या वाटेवर भरवशाची ठरते ते लिहून काढायचं.

थिएटरमध्ये या वाटा आपण सुट्या सुट्या शिकतो. नाकातून गेलं की कॅरोटिड, म्हणजे मानेतून मेंदूकडे जाणारी मुख्य धमनी, समोर, दोन्ही बाजूंना खांबासारखी उभी दिसते. मिडल फॉसातून तीच पायाखाली आडवी पसरलेली असते. दोन्ही ऑपरेशनांना मी उभा राहिलो आहे, काही स्वतः केली आहेत, तरी ही एकच नळी आहे हे डोक्याला माहीत असलं तरी हाताला माहीत नाही. वाड्यात एकदा पुढच्या दाराने शिरावं, एकदा परसदाराने, आणि माजघर एकच आहे हे कळूच नये, तसं.

ज्यांनी देहदान केलं त्यांचं नाव आम्हाला कळत नाही. वहीच्या पहिल्या पानावर फक्त क्रमांक आहे.

८ जानेवारी

नळ्या बसवल्या. सहा: दोन कॅरोटिड, दोन व्हर्टिब्रल (मणक्यांतून मेंदूकडे जाणाऱ्या धमन्या), दोन अंतर्गत जुगुलर (डोक्यातलं रक्त खाली आणणाऱ्या शिरा). कॅरोटिड आणि जुगुलर सापडायला वेळ लागत नाही, व्हर्टिब्रलने मात्र दमवलं. कापलेल्या मणक्याच्या आडव्या प्रवर्धातल्या छिद्रातून ती जेमतेम डोकावते. हाड थोडं कुरतडल्याशिवाय नळी बसवायला आणि दोरा बांधायला काठच मिळत नाही.

मग धुणं. उजव्या कॅरोटिडमधून पाणी सोडलं. आधी काजळीसारख्या गुठळ्या, मग गढूळ पाणी, आणि थोड्या वेळाने डाव्या कॅरोटिडच्या नळीतून धार लागली. पाठोपाठ दोन्ही व्हर्टिब्रलमधून. मेंदूच्या तळाचं धमन्यांचं वर्तुळ उघडं असल्याची ही सगळ्यात स्वस्त चाचणी. थॉमस विलिस या इंग्रज वैद्याने कॅरोटिडमध्ये शाई मिसळलेलं पाणी सोडून जवळपास हेच पाहिलं होतं. त्याचा ग्रंथ १६६४ चा, त्यातली चित्रं काढणारा ख्रिस्तोफर रेन पुढे वास्तुविशारद म्हणून गाजला. साडेतीन शतकांनंतर मी बादलीशेजारी बसून तीच धार बघत होतो.

शिरांच्या बाजूला ही मजा नाही. उजव्या जुगुलरमधलं पाणी तासाभरात स्वच्छ झालं. डावी शेवटपर्यंत अडून अडून वाहत होती. ‘होईल’ म्हणून सोडून दिलं.

१० जानेवारी

सिलिकॉन भरलं: धमन्यांत लाल, शिरांत निळं. लाल आधी. सिलिकॉन, पातळ करणारा द्रव आणि रंग एकत्र ढवळून ठेवायचं, आणि घट्ट करणारा थेंब अगदी शेवटी घालायचा. तो पडला की घड्याळ सुरू. एकाने सिरिंज दाबायची, दुसऱ्याने मानेच्या कापलेल्या कडेवर चिमटे घेऊन बसायचं, कारण प्रत्येक बारीक स्नायूवाहिनी गळायला लागते. लाल उत्तम गेलं. टाळूवरच्या छोट्या छोट्या फांद्या उठून दिसायला लागल्या.

निळं उजवीकडून छान गेलं, कपाळावरची शीर टरारून फुगली. डावीकडे सिरिंज दाबली तर अंगठा परत मागे यायला लागला. आणखी जोर लावला तेव्हा नळीच निसटली आणि निळा फवारा माझ्या अ‍ॅप्रनवर. पुन्हा बसवेपर्यंत मिश्रण घट्ट होऊ लागलं होतं. डावी सिग्मॉइड (कानामागची, जुगुलरला मिळणारी रुंद शीर) आणि तिच्या पुढचं सगळं बहुतेक रिकामं राहिलं.

सर येऊन बघून गेले. म्हणाले, “परवा पाणी स्वच्छ येत नव्हतं ना? मग भरलं कशाला?”

याला उत्तर नव्हतं.

११ जानेवारी

शाळेच्या पुस्तकात धमनीला रोहिणी आणि शिरेला नीला म्हणायचे. चित्रात एक तांबडी, एक निळी. आज डाव्या बाजूकडे बघताना वाटलं, माझी नीला नावालाही निळी झाली नाही. वहीत मी धमनी आणि शीर हेच शब्द ठेवणार आहे.

१५ जानेवारी

हात लावण्याआधी हाडाचं सीटी काढून घेतलं, १ मिलिमीटरपेक्षा पातळ काप. तीन गोष्टी टिपल्या.

स्फिनॉइड सायनस म्हणजे नाकामागच्या हाडातली हवेची पोकळी. तिच्यातला मुख्य पडदा मध्यावर नाही. मागे जाताना तो उजवीकडे कलतो आणि थेट उजव्या कॅरोटिडच्या उंचवट्यावर टेकतो.

उजव्या पेट्रस हाडात (कानाच्या आतलं टणक हाड), कॅरोटिडच्या आडव्या भागावरचं छप्पर एका ठिकाणी दिसतच नाही. कापांच्या जाडीमुळे तसं वाटतंय की खरंच हाड नाही, ते उघडल्यावरच कळेल.

उजवा जुगुलर बल्ब (जुगुलरचा वरचा फुगीर भाग) डाव्यापेक्षा मोठा. हे नेहमीचंच. बहुतेकांत उजवी ट्रान्सव्हर्स आणि सिग्मॉइड सायनस वरचढ असते. (इथे सायनस म्हणजे हवेची पोकळी नव्हे, मेंदूच्या आवरणातली रुंद शीर.)

२० जानेवारी

दिवसभर काम काही नाही, नुसता आकड्यांचा घोळ. ज्युनियरने फोटोंना नावं देताना एका फोटोवर ‘सी ५’ लिहिलं, आणि मी त्याला चूक म्हणालो. दोघेही बरोबर होतो.

फिशरने १९३८ मध्ये अँजिओग्राफीच्या चित्रांवरून अंतर्गत कॅरोटिडचे भाग पाडले आणि आकडे प्रवाहाच्या उलट दिले: वर मेंदूपाशी कॅरोटिड जिथे दुभागते तिथे १, आणि तिथून खाली येत ५. त्याचा हेतू सरळ होता. गाठीमुळे धमनी कुठे सरकली ते सांगायचं, मग मोजणी वरून केली काय नि खालून केली काय. बूथिलिये आणि सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये प्रवाहाच्या दिशेने सात भाग केले: मानेतला, पेट्रस, लॅसेरम, कॅव्हर्नस, क्लिनॉइड, ऑफ्थॅल्मिक, कम्युनिकेटिंग. एकात सी १ म्हणजे मान, दुसऱ्यात सी १ म्हणजे थेट टोक.

त्यात एंडोस्कोपवाले आणखी वेगळे. त्यांना आकडे नकोच असतात. पॅराक्लायव्हल, पॅरासेलर, पॅराक्लिनॉइड, म्हणजे समोर जे हाड दिसतं त्याच्या शेजारची कॅरोटिड. मला हेच पटतं. ड्रिल हातात असताना धमनीचा आकडा दिसत नाही, हाड दिसतं. फोटोंवर आकडा न लिहिता हाडाचं नाव लिहायचं ठरलं.

२७ जानेवारी

उजवी मिडल फॉसा. आजची नोंद लांबणार.

कवटीची खिडकी झायगोमाच्या (गालाच्या हाडाच्या कमानीच्या) मुळापर्यंत खाली घेतली. ड्यूरा, म्हणजे मेंदूवरचं जाड आवरण, हाडावरून उचलत निघालो. पहिली भेट मिडल मेनिंजियल धमनीशी. फोरामेन स्पायनोसममधून ती खुंटीसारखी वर येते आणि ड्यूरा तिथेच अडकून राहतो. ती बांधून कापल्याशिवाय पुढे जाता येत नाही. तिच्या पुढे, किंचित आत, फोरामेन ओव्हाले. या दोन छिद्रांतलं अंतर इतकं कमी की पहिल्यांदा बघणाऱ्याला दोन्ही मिळून एकच वाटावं.

यानंतर ड्यूरा मागून पुढे उचलायचा. इथे चुकलं तर शिक्षा चेहऱ्याला. ग्रेटर सुपरफिशियल पेट्रोझल नर्व्ह हाडातून बाहेर येऊन एका उथळ खोबणीतून पुढे जाते आणि ड्यूरा तिला चिकटलेला असतो. पुढून मागे ओढलं तर ओढ जेनिक्युलेट गँग्लियनवर, म्हणजे फेशियल नर्व्हवर बसते. मागून पुढे उचललं तर नर्व्ह हाडाशीच राहते. ती राखाडी दिसते, दोऱ्याइतकी, आणि खोबणीत पडलेल्या ड्यूराच्या एखाद्या धाग्यापासून ओळखू येत नाही. मी अर्धा तास ज्या धाग्याला जपत होतो तो ड्यूराचा निघाला. खरी नर्व्ह त्याच्या २ मिलिमीटर आतल्या बाजूला होती.

नर्व्ह सापडली की कॅरोटिड सापडलीच म्हणायची. पेट्रस कॅरोटिडचा आडवा भाग या नर्व्हच्या खाली, जवळजवळ तिला समांतर जातो. सीटीतली शंका खरी ठरली: नर्व्हच्या कडेला सुमारे ४ मिलिमीटर लांबीच्या पट्ट्यात हाड नव्हतंच. ड्यूरा उचलल्याबरोबर खालून लाल दिसलं. जिवंत माणसात इथे अवजाराचं टोक जरासं खाली दाबलं असतं तर काय झालं असतं, हा विचार करत मी मिनिटभर हात थांबवून बसलो.

बाकीचं छप्पर ड्रिलने काढलं. डायमंड बर, भरपूर पाणी. बाहेरच्या अंगाला, धमनीला जवळजवळ खेटून, टेन्सर टिम्पनी स्नायू आणि त्याच्याखाली युस्टेशियन नळी. मागच्या वळणाच्या पाठीमागे कॉक्लिया. धमनीला पूर्ण मोकळं करण्याच्या हौसेने वळणापर्यंत ड्रिल नेलं की ऐकू येणं गेलं. म्हणून वळणाच्या अलीकडे थांबलो. हाडाचा रंग बदलतो, भुसभुशीत पांढऱ्यातून घट्ट पिवळसर होतो, आणि ड्रिलचा आवाज चढतो. हे पुस्तकात लिहितात, पण कानाला एकदा बसलं की वेगळं.

नर्व्ह फोरामेन ओव्हालेकडच्या नर्व्हखाली शिरते तिथे काळा बारीक दोरा सैल बांधून ठेवला. का, ते पुढे.

२ फेब्रुवारी

उजवी कॅव्हर्नस सायनस, म्हणजे डोळ्यामागची, कॅरोटिड जिच्यातून जाते ती शिरेची जागा. बाहेरच्या भिंतीचा वरचा थर सोलला की आतला पातळ पापुद्रा उरतो, आणि त्यात मेंदूच्या बारा नर्व्हपैकी तिसरी, चौथी आणि पाचवीची पहिली फांदी गाडलेल्या दिसतात. त्यांच्यामधून निळं चमकत होतं.

चौथी नर्व्ह आणि पाचवीची पहिली फांदी यांच्यातल्या चिंचोळ्या त्रिकोणातून आत गेलो. हा सर्जन पार्किन्सनचा त्रिकोण. त्याने १९६५ मध्ये कॅरोटिड आणि कॅव्हर्नस सायनसमधला फिस्ट्युला, म्हणजे दोघांमधली अनैसर्गिक जोडणी, याच वाटेने दुरुस्त केल्याचं लिहिलं. तेव्हा बहुतेक सर्जन या सायनसकडे फिरकत नसत. चिमट्याने निळे तुकडे वेचत राहिलो. तुकड्यांवर धमनीचा आणि नर्व्हचा ठसा उमटलेला, साच्यातून काढल्यासारखा.

सहावी नर्व्ह भिंतीत नसते, आत असते. कॅरोटिडच्या बाहेरच्या अंगाला चिकटून जाते. सायनसमध्ये दाब वाढला किंवा तिथे धमनीला फुगा आला की बहुधा तीच आधी निकामी होते, आणि रुग्णाला एकाच्या दोन वस्तू दिसायला लागतात. तिला मागे शोधत गेलो तर ती डोरेलोच्या कालव्यातून, ग्रुबरच्या बंधाखालून येते. बंध पांढरा, ताणलेला, पेट्रस हाडाच्या टोकापासून क्लायव्हसकडे (कवटीच्या तळाच्या मधल्या उताराकडे) जाणारा. त्याच्याखाली नर्व्ह जवळजवळ काटकोनात वाकते. खेच बसली की दुखावणार ती इथेच.

मागच्या वळणावर कॅरोटिडमधून एक आखूड खोड निघतं आणि लगेच फांद्या फुटतात: एक पिट्युटरीच्या मागच्या भागाला, एक टेंटोरियमला (मोठ्या आणि लहान मेंदूमधला ड्यूराचा पडदा), एक क्लायव्हसच्या ड्यूराला. टेंटोरियमची फांदी बर्नास्कोनी आणि कासिनारी या नावांनी ओळखली जाते. टेंटोरियमवरच्या मेनिंजिओमात (मेंदूच्या आवरणाच्या गाठीत) ती फुगते आणि अँजिओग्राममध्ये ठळक दिसते. माझ्या नमुन्यात ती केसाएवढी. लाल भरलं नसतं तर मी ती ड्यूराबरोबर उचलून टाकली असती.

ही सायनस म्हणजे एक पोकळी की शिरांचं जाळं, यावर जुना वाद आहे. पार्किन्सन जाळ्याच्या बाजूचा, त्याला ‘सायनस’ हा शब्दच मान्य नव्हता. माझं सिलिकॉन बऱ्यापैकी सलग निघालं. पण ते मी दाबून भरलं होतं आणि बारीक पडदे दाबाने फाटतात. त्यामुळे माझ्या तुकड्यांनी कुठल्याच बाजूने साक्ष द्यायची नाही असं ठरवलं. सर्जनला उपयोगाचं एवढंच: गाठीने सायनस भरलेली असते तोवर रक्त फारसं येत नाही. गाठ निघते आणि दाबलेली जागा मोकळी होते तेव्हा येतं. घाबरण्यासारखं दिसतं, पण दाब कमी असतो, डोकं थोडं वर केलं आणि हलका बोळा ठेवून थांबलं की आटोक्यात येतं.

३ फेब्रुवारी

ड्रिलचं हँडपीस बंद. काम नाही.

१० फेब्रुवारी

डावी मिडल फॉसा. दोन तासांत आटोपलं. उजवीकडे सात लागले होते. खूश होऊन साडेचारला हात धुतले.

सोलताना टेंपोरल बाजूच्या ड्यूरातून फोरामेन ओव्हालेकडे जाणारी एक पांढरट चपटी पट्टी आडवी आली होती. तंतूंची वाटली, कापली. फोटो काढला तो केवळ सवयीने.

११ फेब्रुवारी

आज डावा ड्यूरा आतून उघडला आणि मेंदूच्या बाजूच्या सिल्व्हियन फटीवरची वरवरची शीर शोधत पुढे निघालो. उजवीकडे ही शीर स्फिनॉइडच्या छोट्या पंखाच्या कडेने येऊन कॅव्हर्नस सायनसच्या पुढच्या टोकात शिरत होती, निळी, जाड, चित्रातल्यासारखी. डावीकडेही मी तीच वाट धरली. ती तिकडे गेलीच नाही. टेंपोरल टोकावरून खाली उतरून ड्यूरात घुसली, फॉसाच्या जमिनीवरून मागे वळली, आणि संपली. संपली म्हणजे कालच्या माझ्या कात्रीपाशी.

कापलेलं टोक सुईने उघडलं. आत पोकळी, पोकळीत एक वाळकी गुठळी. पलीकडचं टोक फोरामेन ओव्हालेमधून बाहेर टेरिगॉइड या शिरांच्या जाळ्याकडे जात होतं. कालचा फोटो काढून पाहिला. पट्टी स्वच्छ दिसते, आता शीर म्हणूनच दिसते. काल ती तंतू होती.

असा निचरा असणं अपवाद नाही. काहींच्यात ही शीर कॅव्हर्नसमध्ये जाते, काहींच्यात तिला वळसा घालून, काहींच्यात अशी तळावरून खाली. एकाच डोक्यात दोन बाजूंना दोन तऱ्हा हेही माहीत होतं. माहीत असून कापली, कारण तिच्यात निळं नव्हतं. रुग्णात हीच शीर त्या बाजूच्या टेंपोरल लोबचा मुख्य निचरा असती, तर ड्यूराबाहेरून, मेंदूला न शिवता, मी मेंदू सुजवून ठेवला असता. आणि ऑपरेशन कोरडं झालं म्हणून समाधानाने घरी गेलो असतो.

सरांना फोटो दाखवला. ते बराच वेळ बघत राहिले. “तुझा प्रकल्प आता सुरू झाला,” एवढंच म्हणाले.

हाडाच्या सीटीवर ही शीर दिसत नाही. रुग्णाच्या बाबतीत अँजिओग्रामची शिरांची फेज किंवा सीटी व्हेनोग्राम बघूनच सोलायची बाजू आणि हद्द ठरवायला हवी. आपल्याकडे त्या फिल्म असतात, आपण धमनीची फेज बघून पुढे सरकवतो.

१७ फेब्रुवारी

नाकातून. शून्य अंशाचा एंडोस्कोप, मग तीस अंशाचा. स्फिनॉइडची पुढची भिंत उघडली. सीटीतला तिरका पडदा समोर होता. पकडून पिळला असता तर उजव्या कॅरोटिडवरचं हाड सोबत निघालं असतं. ड्रिलने तळाशी झिजवून काढला. खाली राहिलेलं हाड अंड्याच्या टरफलासारखं, त्यातून लाल झाक येत होती. ज्युनियरला म्हटलं, पडदा हा मध्य दाखवणारा बाण नाही. तो कुठे टेकलाय ते आधी बघ.

खुणा एका ओळीत: मध्ये सेला (पिट्युटरीची बैठक), खाली क्लायव्हसची खोबण, दोन्ही बाजूंना कॅरोटिडचे उंचवटे, वर ऑप्टिक नर्व्हचे. ऑप्टिक आणि कॅरोटिड यांच्यामधला बाहेरचा खळगा म्हणजे ऑप्टिक स्ट्रट या हाडाच्या छोट्या खांबात शिरलेली हवा. तो खळगा दिसला की दोन्ही उंचवट्यांपैकी कुठला कुणाचा यात चूक होत नाही. स्ट्रटच्या पातळीवर कॅरोटिड ड्यूराच्या दोन कड्यांमधून जाते. वरचं कडं ओलांडलं की ती कवटीच्या आतल्या पाण्यात, आणि तिथून पुढे बहुतेक वेळा लगेच ऑफ्थॅल्मिक धमनी निघते. धमनीचा फुगा कड्याच्या खाली की वर, यावर तो फुटल्यास सबअरॅक्नॉइड रक्तस्राव (मेंदूभोवतीच्या पाण्यातला रक्तस्राव) होऊ शकतो की नाही हे बहुतेक ठरतं. एवढ्याशा कड्याला एवढं महत्त्व.

सेलाच्या ड्यूरावर उजवीकडून आडवा निळा पट्टा, पुढचा इंटरकॅव्हर्नस. तो मध्य ओलांडतो, आणि डावीकडे रंग फिकट होत होत संपतो. माझ्या सिलिकॉनची हद्द.

१८ फेब्रुवारी

दोऱ्याचा दिवस.

टेरिगॉइड हाडाच्या मुळाशी व्हिडियन नर्व्हचा कालवा गाठला. कालव्याच्या खालच्या अर्ध्यात ड्रिल करत मागे जायचं, घड्याळाच्या भाषेत तीन ते नऊ, सहावरून. वरचा अर्धा शेवटी, कारण मागे कॅरोटिडचं वळण त्याच पातळीला किंवा वर बसलेलं असतं. लॅसेरम छिद्राशी पोचलो. नाव फसवं आहे. कॅरोटिड या छिद्रातून जात नाही, त्याच्या वरून जाते. छिद्र खालून चिवट कूर्चेने भरलेलं असतं, आणि ती चिवट कूर्चा हाताला लागली की धमनी आलीच.

व्हिडियन नर्व्ह म्हणजे दोघींची जोडी: वरून येणारी तीच ग्रेटर सुपरफिशियल पेट्रोझल, आणि कॅरोटिडभोवतीच्या जाळ्यातून येणारी डीप पेट्रोझल. म्हणजे २७ जानेवारीला वरून जिला जपलं तिचाच पुढचा तुकडा आज समोर होता. वाचून पाठ होतं. तीस अंशाचा एंडोस्कोप वळणाच्या बाहेरच्या कडेला फिरवला, ज्युनियरला वरच्या खिडकीतून काळा दोरा हलकेच ओढायला सांगितला.

नाकातल्या चित्रात नर्व्ह केसभर हलली.

पुन्हा ओढायला सांगितला. पुन्हा हलली. दोघांनी आळीपाळीने पाच-सहा वेळा तेच केलं. वरून बघितलं तर नर्व्हच्या खाली कॅरोटिड, समोरून बघितलं तर नर्व्हच्या मागच्या टोकाशी कॅरोटिड, आणि दोन्ही वेळा तीच जागा.

२४ फेब्रुवारी

मागची वाट, उजवीकडे. मास्टॉइडच्या (कानामागच्या हाडाच्या) आतल्या बाजूला ऑक्सिपिटल धमनी, मग स्नायूंचे थर, मग सबऑक्सिपिटल त्रिकोण. त्रिकोणाच्या तळाशी चरबी, चरबीत निळं जाळं, जाळ्यात व्हर्टिब्रल. ॲटलसच्या (मानेच्या पहिल्या मणक्याच्या) मागच्या कमानीवरच्या खोबणीत ती आडवी पडलेली असते, आणि तिच्या नि कमानीच्या मधून पहिली सर्व्हायकल नर्व्ह जाते. मध्यापासून खोबणीच्या आतल्या कडेपर्यंत उजवीकडे १३ मिलिमीटर, डावीकडे ११ भरले. कमान साफ करताना बाहेर किती सरकायचं, ते हा आकडा ठरवतो. म्हणून तो त्या-त्या रुग्णाच्या सीटीवर मोजावा, दुसऱ्याच्या डोक्यावरून उचलू नये.

या जाळ्याला कुणी सबऑक्सिपिटल कॅव्हर्नस सायनस म्हटलं आहे. नाव चपखल आहे. इथेही शिरांच्या मधोमध धमनी, आणि धमनी हाड सोडून ड्यूरात शिरायच्या बेतात.

उजवीकडे निळं वेचायला अख्खी सकाळ गेली. डावीकडे तोच टप्पा पंधरा मिनिटांत झाला, पांढऱ्या जाळीतून कात्री सहज फिरली. या वेळी मात्र थांबून प्रत्येक पांढरा पदर सुईने उघडून पाहिला. सातपैकी पाच शिरा निघाल्या.

२ मार्च

जुगुलर फोरामेन, उजवं: जुगुलर कवटीबाहेर पडते ते छिद्र. सिग्मॉइड मागून येऊन बल्बमध्ये वळते, पुढून इन्फिरियर पेट्रोझल सायनस येते, आणि मधल्या भागातून नववी, दहावी, अकरावी नर्व्ह. कंडायलर कालव्यातून मोठी एमिसरी (कवटीच्या आतबाहेर जोडणारी) शीर आली होती. तिला आधी गाठलं नाही तर मागून जाताना हाडातून अचानक काळपट रक्त येतं आणि माणूस उगाच व्हर्टिब्रलला दोष देतो.

बल्बची बाहेरची भिंत उघडून निळं काढलं. आतल्या भिंतीत इन्फिरियर पेट्रोझलची तोंडं, एक नव्हे तीन. म्हणूनच वर सिग्मॉइड बंद आणि खाली जुगुलर बांधली तरी बल्ब उघडल्यावर रक्त थांबत नाही. तिथे बोळे कोंबायचा मोह होतो, आणि ज्या भिंतीवर ते दाबले जातात तिच्या लगत नववी ते अकरावी असतात. गिळता न येणारा, आवाज गेलेला रुग्ण अशा पाच मिनिटांतून तयार होतो. तोंडं कुठे आहेत ते दिसलं की बोळा छोटा लागतो.

डावीकडे हेच करायला घेतलं. बल्ब लहान, चपटा, त्यात ८ जानेवारीची काळी गुठळी बसलेली. तीच होती अंगठा मागे ढकलणारी.

९ मार्च

अवशेष शरीररचनाशास्त्र विभागाकडे परत दिले, अंत्यसंस्कारासाठी. सही केली.

चित्रं काढायला बसलो आहे. धमन्या सलग लाल रेषेत. हाडाच्या खुणा काळ्या. उजव्या शिरा निळ्या. डाव्यांचं काय करायचं यावर ज्युनियरचं म्हणणं, उजवीचं प्रतिबिंब काढू, कुणाला कळणार आहे. तसं काढायचं नाही असं ठरलं. जिथे सुईने उघडून खात्री केली तिथे निळी तुटक रेषा, जिथे केली नाही ती जागा कोरी. डाव्या टेंपोरल शिरेची रेषा फोरामेन ओव्हालेच्या अलीकडे, कात्रीच्या जागी, तोडून ठेवली आहे. पुढच्या डोक्याचं धुणं दोन दिवस चालवायचं असं यादीत वर लिहिलं.